मांजर सोबत असेल तर: मागे ओढायची कॅराव्हॅन की मोटरहोम?

प्रवास चालू असताना मोटरहोम, म्हणजे स्वतःच चालणारे घरवजा वाहन, सरस. मांजराचा पिंजरा सीटबेल्टने बांधला की ते नजरेसमोर राहते. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचे चाकांवरचे घर, धावत असताना मात्र त्याला आत ठेवूच नये. ती ओढणाऱ्या गाडीत आपल्याबरोबर घ्यावे.

तरीही निवांत, लांब मुक्कामांचा बेत असेल तर मी कॅराव्हॅनच निवडेन. मांजराचा जीव जागेत अडकलेला असतो, ओळखीच्या वासात. बाजारहाटाला आपण गाडी सोडवून जातो, त्याचे घर जागचे हलत नाही. मोटरहोमला दर वेळी सगळा पसारा आवरून निघावे लागते, मांजरासकट.

उन्हात बंद वाहन काही मिनिटांत तापते, हे दोन्हींना लागू. दार उघडण्याआधी मांजर कुठे आहे ते बघा, आणि त्याच्या मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपच्या) नोंदीत तुमचा चालू फोन नंबर असू द्या.