ड्युर्नश्टाइनला दोनच तास? हे काही बरं नाही

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पोराने डॅन्यूब नदीवरची बोटीची सहल बुक करून दिली. पेरण्या आटोपल्या अन् जुलैत निघालो. बोट स्वच्छ, खोली ऐसपैस, माणसं अदबीची. शाकाहारी आहोत म्हणून आधीच कळवलं होतं, पण रोज तीच उकडलेली भाजी. आमच्या हिने नेलेली जवसाची चटणी भुरभुरली की भागायचं.

खरं सांगायचं ते ऑस्ट्रियातल्या ड्युर्नश्टाइनबद्दल. वाखाउ खोऱ्यातलं नदीकाठचं गाव, वस्ती हजारभरही नाही. निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च लांबूनच दिसतं. मोटारींचा रस्ता गावाखालच्या बोगद्यातून नेलाय, त्यामुळे मधल्या गल्लीत भोंगा नाही, धूर नाही.

इथे उतरायला मिळाले दोन तास. त्यातला पाऊण तास गाईडने वाइनच्या दुकानात चव पाहण्यात घालवला. मी पीत नाही, म्हणून सरळ किल्ल्याची वाट धरली. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धातून घरी परतत असताना ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने त्याला पकडलं अन् 1192च्या अखेरीस इथेच डांबलं. सुटकेसाठी मग मणामणाने चांदी मोजावी लागली. पुढे 1645 मध्ये स्वीडनच्या फौजेने किल्ला फोडला, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. चढायला अर्धा तास लागला, गुडघे बोलले, पण वरून नदीचं वळण अन् द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांची वावरं पाहिली अन् शीण गेला. वावरांना चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध. आमच्याकडे धुऱ्यावर गोटे फेकून देतात, इथे एकेक गोटा बसवलेला. मी एक हलवून पाहिला. हलला नाही.

खाली आलो तर जिकडेतिकडे जर्दाळू. आपण वाळलेला खातो तो नव्हे, झाडावरून उतरवलेला, एका गालावर लाली आलेला. तिथे त्याला मारिल्ले म्हणतात. त्याचाच मुरंबा, त्याचीच दारू, साबणसुद्धा त्याचाच. मी वरुडचा संत्रावाला, बाग ठोकात देऊन मोकळा होणारा. त्या दुकानातून माझा पाय निघेना. डागी, बारकं फळ त्यांनी लपवलं नव्हतं, वेगळ्या टोपलीत मुरंब्यासाठी म्हणून मांडलं होतं. आमच्याकडे त्याला चुरी म्हणतात अन् व्यापारी तिच्यावरून भाव पाडतो. ही म्हणाली, "आता काय टोपली मोजत बसता? बोट जाईल ना!"

तरी जर्दाळूचे उकडलेले गोळे घेतलेच. पिठाच्या पारीत अख्खं फळ, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा अन् साखर. पुरणाच्या दिंडासारखं काहीतरी, पण आत आंबट. गरम रस हनुवटीवर ओघळला.

बोटीला पाचपैकी चार तारे, वेळापत्रकाला दोन. जाणार असाल तर आधी किल्ला चढा, दुकानं मागून. राहिलेला एक गोळा कागदात बांधून घेतला होता, तो रात्री बोटीवर दोघांत खाल्ला. थंडही चांगला लागतो.