गोल्डवॉटर आणि डर्कसन: एकच पक्ष, दोन मतं

बॅरी गोल्डवॉटर ॲरिझोनाचे, एव्हरेट डर्कसन इलिनॉयचे. दोघेही रिपब्लिकन पक्षाचे, दोघेही अमेरिकी सिनेटचे (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे) पुराणमतवादी सदस्य. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना दोघांनीही पाठिंबा दिला होता. वाटा फुटल्या त्या १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावर.

हॉटेलं, दुकानं आणि नोकऱ्यांमधला भेदभाव केंद्र सरकारने कायद्याने बंद करावा, हे गोल्डवॉटर यांना घटनेच्या चौकटीबाहेरचं वाटलं. त्यांनी विरोधात मत दिलं. माणूस वंशद्वेष्टा नव्हता, हे मी मान्य करतो. पण त्या मताचा फायदा कुणाला झाला, हेही पाहायलाच हवं. त्याच वर्षी ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि फक्त ६ राज्यं जिंकले: स्वतःचं ॲरिझोना आणि वर्णभेद रुजलेल्या दक्षिणेतली पाच.

याच कलमांबद्दल डर्कसन यांनाही शंका होत्या. पण ते दुरुस्त्या सुचवत वाटाघाटीला बसले. ते सिनेटमध्ये अल्पमतात असलेल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते होते. चर्चा लांबवून विधेयक अडवणाऱ्यांना थांबवायला ६७ मतं लागत होती. १० जूनला ७१ पडली, त्यांत रिपब्लिकन २७. कायदा पुढे ७३ विरुद्ध २७ ने मंजूर झाला.

गोल्डवॉटर यांची कारकीर्द लांबलचक, १९८७ पर्यंतची. डर्कसन १९६९ मध्येच गेले. तरी मतांची नोंद समोर ठेवली, तर मला डर्कसनच मोठे वाटतात. तत्त्व त्यांनाही होतं, फक्त त्यांनी ते दार बंद करायला वापरलं नाही.