चुन्याचा गिलावा, नऊ महिन्यांनंतर: बाहीला लागणारी पांढरी पूड

काल काळा शर्ट घालून बैठकीच्या भिंतीला टेकून बसलो. उठलो तेव्हा बाही स्वच्छ होती. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणून आज लिहायला बसलो.

जुन्या दगडी भिंतीला चुना लावायचा तो एवढ्यासाठी की त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. आमच्याकडे आधीच्या मालकाने खालच्या चार फुटांवर सिमेंट चढवलं होतं. ओल तिथून बाहेर पडेना, ती सिमेंटच्या वर चढली आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार, लागला. ते सगळं दगडापर्यंत खरवडून चुना-वाळू १:३ असा तीन थरांचा गिलावा करून घेतला. ओलीचं काम त्याने चोख केलं. पहिले दोन महिने थोडा लोणा आला, तो कोरड्या ब्रशने झाडला (ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार पुन्हा भिंतीत मुरतात), मग थांबला.

पण ती पूड! सोफ्याच्या पाठीला पूड, मुलांच्या दप्तरांना पूड, रोज फडकं. कंत्राटदाराला चार वेळा फोन केले. "चुना आहे, पूड निघणारच, वरून प्लास्टिक पेंट मारून टाका," एवढंच उत्तर. प्लास्टिक पेंटही सिमेंटसारखाच ओल अडवतो. ज्या कोंडीतून भिंत सोडवायला आम्ही पैसे मोजले, तीच कोंडी पुन्हा वर लावायची? आणि त्याचेही पैसे आम्हीच द्यायचे. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पाचव्या महिन्यात मी हे काम "घेऊ नका" असंच लिहिणार होतो.

मग एक खपली काढून तिच्या ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला. चुना कच्चा असेल तिथे ते गुलाबी होतं. बैठकीची खपली जवळजवळ पूर्ण गर्द गुलाबी झाली, फक्त बाहेरची कड नखाएवढी पांढरी राहिली. आतल्या खोलीची खपली मात्र बरीच खोलवर पांढरीच राहिली. गिलावा एकाच हाताचा, माल एकाच ढिगातला. फरक एवढाच की आतल्या खोलीत ओलं गोणपाट लावलं होतं आणि बैठकीत, लवकर वाळावं म्हणून, कंत्राटदाराच्याच सांगण्यावरून दोन पंखे दिवसरात्र चालू ठेवले होते.

चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडी होतो आणि त्यासाठी त्याच्यात थोडा ओलावा लागतो. भिंत कोरडी ठाक झाली की हे काम तिथेच थांबतं. चिंब असली तरी अडतं, कारण पाण्यातून वायू फार हळू आत जातो. म्हणून महिनाभर सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने हलकं पाणी मारलं, मधल्या वेळात वाळू दिलं. भिंत हाताला हळूहळू कणखर लागू लागली.

त्यानंतर चुन्याचे पाच हात दिले, दुधाइतके पातळ, प्रत्येक वेळी आधी भिंत ओली करून. कोरड्या भिंतीवर दिला तर ती पाणी ओढून घेते आणि वर नुसती पूड उरते. रंगाला पिवडी (पिवळी माती) घातली, ती चुन्यात टिकते. डोळ्यांना चष्मा लावाच, चुना जाळतो. ओला असताना चुन्याचा हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, काही दिलंच नाही असं वाटतं. तासाभरात आतून उजेड यावा तसा रंग उमलतो. कोनाड्याच्या गोलसर कडांवर दुपारचं तिरकं ऊन पडतं, तेव्हा मी काम सोडून बघत बसतो. त्या भिंतीवर एकही चित्र टांगलं नाही.

गिलाव्याबद्दलचं मत पूर्ण बदललं, कंत्राटदाराबद्दलचं नाही. पाणी किती दिवस मारायचं, हे काम ठरवतानाच लिहून घ्या. आमच्या कपाटामागे फवारा पोचला नव्हता. तिथे बोट फिरवलं की अजून पांढरं होतं. येत्या रविवारी कपाट सरकवणार आहे.