झेड की एस? ब्रिटिश स्पेलिंगमधला पेच

ऑर्गनाइझसारख्या शब्दांच्या शेवटी -ize लिहायचं की -ise, हा प्रश्न अमेरिकन स्पेलिंगने लिहिणाऱ्यांना सहसा पडत नाही. ऑर्गनाइझ, रिअलाइझ असे शब्द ते झेडनेच लिहितात. पेच आहे तो कलर आणि लेबरमधला 'यू' जपणाऱ्यांचा. त्यांना झेडही चालतो, एसही चालतो. फक्त एका मजकुरात दोन्ही नकोत.

झेडची बाजू मुळीच लंगडी नाही. 'झेड म्हणजे अमेरिकन' हा निव्वळ गैरसमज. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी झेडच वापरते, कारण हा प्रत्यय मूळचा ग्रीक, पुढे लॅटिननेही त्यातला झेड राखला; एस आला तो फ्रेंचमधून. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनचं अधिकृत नाव बघा: लेबरमध्ये यू आहे आणि ऑर्गनायझेशनमध्ये झेड. हे सगळं पटल्यामुळेच मी काही वर्षं झेडने लिहीत होतो.

गाडी अडली अपवादांपाशी. ॲडव्हर्टाइझ, सुपरव्हाइझ, सर्प्राइझ, कॉम्प्रमाइझ, इम्प्रोव्हाइझ. कानाला सगळीकडे 'झ', पण लिहायचं एसनेच, कारण यांत तो ग्रीक प्रत्यय नाहीच. सुपरव्हाइझचं शेपूट लॅटिनमधल्या 'पाहणे'चं, सर्प्राइझचं 'घेणे, पकडणे' याचं. ॲनालाइझही ऑक्सफर्डवाले एसनेच लिहितात. म्हणजे लिहिता लिहिता थांबून शब्दाचं कूळ विचारायचं. विचार वाक्याच्या शेवटाकडे धावत असताना हे फार जाचतं.

एकदा चाळीसेक पानांच्या मजकुरात दोन्ही रूपं मिसळलेली सापडली. स्पेलचेकरने एकाही ठिकाणी लाल रेघ मारली नव्हती, कारण ब्रिटिश इंग्रजीत त्याला दोन्ही मान्य. घाईत फाइंड-रिप्लेस चालवलं, तर प्रॉमिस, नॉइज, रेझ, अदरवाइज अशा शब्दांतही झेड घुसला. मग पहाटेपर्यंत एकेक शब्द हाताने निस्तरला. त्या रात्रीनंतर मी एसकडे वळलो.

एसलाही अपवाद आहेत, पण माझ्या लिखाणात नेहमी येणारे चारच: साइझ, बक्षीस या अर्थाचा प्राइझ, सीझ आणि कॅप्साइझ. ते कुणी एसने लिहायला जात नाही, त्यामुळे पाठ करावे लागत नाहीत. एसची एक उणीव मला अजून खटकते: उच्चार आणि अक्षर जुळत नाहीत. पण इंग्रजीत ते तसंही किती ठिकाणी जुळतं?

प्रकाशकाचा नियम झेडचा असेल, किंवा मजकूर बारकाईने तपासणारा संपादक पाठीशी असेल, तर खुशाल झेड ठेवा. ते रूप देखणं आहे, हे मी आजही मानतो. स्वतः लिहून स्वतःच तपासणाऱ्याला मात्र, निदान माझ्या अनुभवावरून, एस कमी दगा देतो. फक्त संस्थांची नावं आणि दुसऱ्याची उद्धृत केलेली वाक्यं यांना हात लावू नका. तिथे ज्याचं स्पेलिंग त्याचंच राहू द्यायचं.