लीक-डाउन टेस्टर : मर्यादेपलीकडे फिरलेल्या इंजिनासाठी

पाचव्या गिअरवरून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, की चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवू लागतात आणि वेग आवरण्यासाठी केवळ इंधन किंवा ठिणगी तोडणारा रेव्ह लिमिटर तेथे निरुपयोगी ठरतो. जुन्या गाडीत व्हॉल्व्हच्या (सिलिंडरच्या झडपांच्या) स्प्रिंगांचा ताण कमी झालेला असल्यास व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, पिस्टन त्यांवर आदळतो आणि ते वाकतात. अशाच एका इंजिनासाठी मी दोन गेजांचा (दाबमापकांचा) हा टेस्टर वापरला.

कॉम्प्रेशन गेज कोणत्या सिलिंडरमध्ये दाब कमी आहे एवढेच सांगतो. हा टेस्टर मात्र, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना स्पार्क प्लगच्या छिद्रातून हवा भरून, ती कोठून निसटते तेही दाखवतो. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर बहुधा हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचे सील). आत सोडलेल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या पहिल्या गेजवर १०० पीएसआय (दाबाचे एकक) असताना सिलिंडरमधला दाब दाखवणारा दुसरा ९० दाखवत असेल, तर गळती १० टक्के. तरीही आकड्यापेक्षा कानावर अधिक विसंबावे, असे माझे मत आहे.

एअर कॉम्प्रेसरशिवाय हे उपकरण चालत नाही, आणि हवेच्या दाबाने क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) अचानक फिरू शकत असल्याने त्यावर पाना विसरणे धोक्याचे असते. ताणलेले कनेक्टिंग रॉडचे बोल्ट किंवा घासलेल्या बेअरिंगा यात मुळीच कळत नाहीत. बेअरिंगांची झीज कळण्यासाठी ऑइल फिल्टर कापून धातूचा चुरा शोधावा लागतो. स्वतः गाडी दुरुस्त करणाऱ्याने कॉम्प्रेशन गेज आधी घ्यावा, हा नंतर.