हनुवटीला हो, पायांना नाही: लेझर आणि इलेक्ट्रोलिसिसचा माझा अनुभव

केस कायमचे काढून घ्यावेत का, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा माझं उत्तर शरीराच्या भागाप्रमाणे बदलतं. हनुवटी आणि गळ्यासाठी हो, अगदी उधारी करावी लागली तरी. काखांसाठी हो, पण हातात पैसे असतील तेव्हा. पायांसाठी मी करणार नाही. हे सगळं मी सावळ्या त्वचेची, पीसीओडी (अंडाशयांशी संबंधित हार्मोन्सचा विकार) असलेली, काळ्या राठ केसांची बाई म्हणून लिहितेय. तुमची त्वचा आणि केस वेगळे असतील तर हिशोबही बदलेल.

हनुवटीवर राठ केस असणं म्हणजे काय, हे ज्यांना ते आहेत त्यांनाच कळतं. पर्समध्ये पैशांच्या आधी चिमटा आहे ना ते बघायचं. समोरचा बोलत असताना आपला अंगठा आपोआप जबड्याखाली जातो आणि एक खुंट सापडला की पुढचं बोलणं कानात शिरतच नाही. कुणी उजेडाच्या बाजूला बसायला सांगितलं तर आपण दुसरी खुर्ची शोधतो. उपटून उपटून केस आत वळतात, बारीक फोड येतात, फोडांचे काळे डाग पडतात, आणि मग केसांपेक्षा डागच जास्त दिसतात. माझी हनुवटी कित्येक वर्षं अशी होती. केसांबद्दल बोलायलाही मला लाज वाटायची. आज मी हे उघडपणे लिहू शकते, यातच मला काय मिळालं ते आलं.

पैसे भरण्याआधी एक काम करा: रक्त तपासून घ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी मला आधी टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनच्या तपासण्या करायला लावल्या, पाळीची सगळी चौकशी केली, आणि मगच लेझरचा विषय काढला. कारण साधं आहे. लेझर आज असलेली राठ केसांची मुळं जाळतो. पण शेजारच्या मऊ लवेला हार्मोन्सचा मारा चालूच राहिला, तर त्या लवेचे उद्या राठ केस होतात. औषध आणि लेझर बरोबरीने चालले म्हणून माझा खर्च वाया गेला नाही. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले असतील, आवाज जाडा होत असेल किंवा पाळी बंद झाली असेल, तर लेझर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

लेझर कसा चालतो हे समजून घेतलं की कोणाला उपयोगी आणि कोणाला नाही, हे आपलं आपल्यालाच कळतं. प्रकाश केसातल्या काळ्या रंगात, म्हणजे मेलॅनिनमध्ये शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमकं लक्ष्य तापवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1983 साली मांडलं, आणि आजची यंत्रं त्यावरच उभी आहेत. म्हणून गोरी त्वचा आणि काळे केस असणाऱ्यांना सगळ्यात सोपं जातं. त्वचाच सावळी असेल तर तिच्यातलं मेलॅनिनही प्रकाश खातं, आणि मग चटका, डाग किंवा पांढरे चट्टे पडण्याची भीती असते. पांढऱ्या, सोनेरी आणि तांबड्या केसांना लेझर जवळजवळ काहीच करत नाही, कारण त्यांच्यात पकडण्यासारखा रंगच नसतो.

सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी याग लेझर सगळ्यात सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो. 755 नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम चालतो. 810 च्या आसपासचा डायोड मधला; जपून वापरला तर सावळ्या त्वचेवरही चालतो. मी चौकशीला गेलेल्या पहिल्या ठिकाणी यंत्र कोणतं आहे असं विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीने मला सवलतीच्या पॅकेजचा कागद दाखवला. पुन्हा विचारलं, तर 'सगळ्या स्किनला चालतं' एवढंच उत्तर आलं. मी तिथून निघाले. दुसरीकडे डॉक्टरांनी भिंगातून हनुवटी पाहिली, कानाजवळच्या छोट्या जागेवर लेझर मारून पॅच टेस्ट केली आणि तिची प्रतिक्रिया पाहिल्याशिवाय तारीख दिली नाही. शिवाय गालांवरची मऊ लव काढायला स्वच्छ नकार दिला. चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर मारला की काही जणींच्या बाबतीत ती उलट दाट आणि काळी होते, आणि पीसीओडी असलेल्या सावळ्या बायकांना हा धोका जास्त. मिळणारे पैसे सोडून 'हे करू नका' म्हणणारा माणूस भेटला की तिथेच थांबावं, असं माझं मत आहे.

आता दुखण्याबद्दल. एनडी याग डायोडपेक्षा जास्त दुखतो, हे लपवण्यात अर्थ नाही. हनुवटीवर प्रत्येक ठोका तापलेल्या सुईच्या टोकासारखा लागतो आणि लगेच विरतो. वरच्या ओठावर डोळ्यांत पाणी येतं, नाक हुळहुळतं, शिंक येते. जळक्या केसांचा वास खोलीभर राहतो. पण चेहरा एवढासा असतो, की लेझर मारायच्या हँडपीसच्या थंड टोकाची सवय होईपर्यंत काम संपलेलं असतं. काखांमध्ये केस दाट आणि जाड, त्यामुळे पहिली सिटिंग सगळ्यात वाईट. केस विरळ होत जातात तसं दुखणंही उतरतं. लिडोकेन आणि प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावलं तर पुष्कळ फरक पडतो. हनुवटीएवढ्या जागेला ते ठीक आहे. दोन्ही पायांना भरपूर चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण औषध त्वचेतून रक्तात उतरतं. किती लावायचं ते डॉक्टरांनीच सांगायला हवं.

माझ्यासाठी दुखण्यापेक्षा कठीण होतं ते मधल्या आठवड्यांतलं पथ्य. दोन सिटिंगच्या मध्ये वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद. मूळ जागेवर नसेल तर लेझर जाळणार काय? केस फक्त रेझरने काढायचे. हनुवटीवर रेझर फिरवायचा या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला होता, कारण त्याने केस राठ होतात असं लहानपणापासून ऐकलेलं. तसं होत नाही. अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच हे तपासून पाहिलं होतं. केसाचं निमुळतं टोक कापलं जातं आणि उरलेला बुंधा बोथट असतो, म्हणून हाताला जाड लागतो, इतकंच. उन्हाचंही तसंच पथ्य: सनस्क्रीन रोज, आणि त्वचा रापलेली असेल तर सिटिंग पुढे ढकलायची.

सिटिंगनंतर काही तास केसांच्या मुळाशी बारीक लाल पुरळ दिसतं. मग आठवडाभराने वाटतं, की केस पुन्हा वाढले. वाढलेले नसतात, जळालेले तुकडे बाहेर ढकलले जात असतात. चेहरा पुसताना टॉवेलवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आले, तेव्हा मी तो टॉवेल कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

एका सिटिंगमध्ये सगळं का होत नाही? केसांची वाढ टप्प्याटप्प्याने होते, आणि वाढीच्या टप्प्यात असलेला केसच मुळापर्यंत नीट भाजतो. बाकीचे त्या वेळी विश्रांती घेत असतात. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग, अंगावर अंतर आणखी जास्त. पहिलं वर्ष बहुतेक यातच जातं, आणि हार्मोन्समुळे आलेल्या केसांना पुढेही अधूनमधून सिटिंग लागते. हा पुढचा खर्च पॅकेज विकणारे सांगत नाहीत, तो तुम्हीच धरून चला. शक्य असेल तर मोठं पॅकेज आधी घेऊ नका. पहिल्या दोन-तीन सिटिंगचे पैसे एकेक करून द्या, त्वचा कशी वागते ते बघा, मग ठरवा. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या लेखीही लेझरने केस कायमचे कमी होतात, एवढंच. कायमचे काढून टाकणारी पद्धत म्हणून इलेक्ट्रोलिसिसच, म्हणजे सुईने केसाच्या मुळाला वीज देणं, ओळखली जाते.

त्या इलेक्ट्रोलिसिसकडे मी नंतर वळले. लेझरने काळे केस गेले आणि मागे पांढरे राहिले, ते सुईशिवाय जाण्यासारखे नव्हते. ही पद्धत खूप जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी 1875 मध्ये बुबुळाला टोचणाऱ्या, आत वळलेल्या पापण्यांसाठी ती वापरल्याचं लिहिलं. केसाच्या छिद्रातून अतिशय बारीक सुई मुळापर्यंत सरकवायची आणि वीज सोडायची. एका प्रकारात विजेमुळे शरीरातल्याच मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि मूळ नष्ट करतं, दुसऱ्यात उष्णता ते काम करते, तिसऱ्यात दोन्ही. केसाचा रंग कोणताही असो, त्वचा कोणतीही असो, चालतं.

पण एकेक केस. दिव्याखाली पडून राहायचं, वर भिंग लावलेली बाई वाकलेली, सुई आत जाते तेव्हा जाणवतही नाही, मग कढत ठिणगी, मग चिमटा. यातली एक खूण मला तिनेच शिकवली: वीज दिल्यावर केस न ओढता सुळकन निघाला पाहिजे. तटकन तुटल्यासारखा, ओढ लागून निघाला तर तो नुसता उपटलेला केस, त्याचे पैसे फुकट. तेव्हापासून मी तेवढ्याकडेच लक्ष देते, आणि तिच्या हातून माझे केस सुळकन निघतात. नंतर बारीक खपल्या धरतात, त्या नखाने काढायच्या नाहीत. पैसे लागलेल्या वेळेच्या हिशोबाने घेतात, म्हणून मोजक्या केसांना परवडतं. पूर्ण पायाला ही पद्धत कोणी सुचवली तर विचारही करू नका.

पाय मी का सोडले? चौकशी केली होती, पॅच टेस्टही झाली होती. पण क्षेत्र मोठं, खर्च हनुवटीच्या कितीतरी पट, आणि पायांच्या केसांनी माझी झोप कधी उडवली नव्हती. अंघोळ करताना रेझर फिरवला की काम होतं. माझी धाकटी बहीण रोज पोहते. तिने पाय करून घेतले आणि ती प्रत्येक पैशावर समाधानी आहे. तिला रोज ज्याचा त्रास होता ते गेलं, माझं हनुवटीचं गेलं. काखांचा फायदा मला वाटलं त्याहून मोठा निघाला: केस तर कमी झालेच, आत वळणारे केस आणि त्यांचे दुखरे फोडही थांबले.

घरी वापरायच्या आयपीएल यंत्राबद्दलही विचारतात. तो लेझर नाही, अनेक रंगांच्या प्रकाशाचा झोत आहे. शक्ती कमी, त्यामुळे चिकाटी लागते, आणि गडद त्वचेला ही यंत्रं चालत नाहीत असं त्यांच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. मी घेतलं नाही.

यंत्र कोणाच्या हातात आहे हे बघाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बायकांचे चेहऱ्यावरचे केस क्ष-किरणांनी काढले जात. दुखत नाही म्हणून त्या गेल्या, आणि पुढे कित्येकींना त्वचेचा कर्करोग झाला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना काय हवं होतं ते मला नेमकं कळतं. म्हणून आपण प्रश्न विचारायचे. तुम्हाला आणि यंत्र चालवणाऱ्यालाही गॉगल हवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर आधी सांगायचं. तीळ आणि टॅटू टाळायचे, कारण प्रकाश त्यांच्या रंगावरही जातो. गरोदर असाल तर हे सगळं बाळंतपणानंतर.

आणि हनुवटीवर पहिला पांढरा केस दिसला असेल तर हा विषय फार लांबवू नका. काळे आहेत तोवर लेझरने पुष्कळसे एकदम जातात. पांढरे झाल्यावर प्रत्येकासाठी सुई.