आरसिंकने बायनरी हलवणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सच्या इंटेल आणि आर्म मशीनमध्ये, कधीमधी मॅकवरही, तयार प्रोग्राम (बायनरी) नेण्यासाठी आठ महिने आरसिंक हे फाइल कॉपी करण्याचं साधन वापरात आहे. त्याआधी फाइल पाठवायचं जुनं एफटीपी होतं. त्याचा अ‍ॅस्की मोड फाइलला मजकूर समजून ओळींचे शेवट बदलतो, म्हणजे ओळ संपवणाऱ्या १० या बाइटआधी १३ घुसवतो किंवा तिथला काढून टाकतो. मजकुराचं काही बिघडत नाही, बायनरीची मात्र वाट लागते. आकारात किरकोळ फरक दिसला की आधी हाच संशय घ्यावा.

आरसिंक पाठवलेली प्रत्येक फाइल शेवटी स्वतः पडताळून बघतं. वाटेत बिघडलेली फाइल आठ महिन्यांत एकही नाही. खोडी वेगळीच आहे: आकार आणि बदलाची वेळ जुळली की ते फाइल उघडूनही बघत नाही, त्यामुळे डिस्कवर खराब झालेली प्रत तशीच पडून राहते. अधूनमधून ‘चेकसम’ पर्याय लावावा, म्हणजे फाइलींच्या आतला डेटाही ताडून बघितला जातो. वेळ खातो, पण इलाज नाही. अर्धवट तुटलेली कॉपी पुढे नेताना ‘अपेंड’ नको, आधी पोचलेला भागही तपासणारं ‘अपेंड-व्हेरिफाय’ हवं.

पेनड्राइव्हने नेताना आधी टार करावं, म्हणजे फाइली परवानग्यांसकट एका गठ्ठ्यात बांधाव्यात. पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ आणि एक्सफॅट या फाइल सिस्टिम लिनक्सच्या परवानग्या साठवत नाहीत.

फाइल धड पोचूनही चालत नाही, तेव्हा बिचाऱ्या कॉपीला दोष दिला जातो. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर बहुधा इंटेलची फाइल आर्मवर चालवली जात असते. ‘फाइल’ कमांड ते लगेच सांगते. खरी फसवी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसते! नसतो तो तिला लागणारा लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणारा भाग. जीलिबसी या सी लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम, मसल ही वेगळी सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर नेला की हेच होतं. जिथे चालवायचं तिथली जीलिबसीची आवृत्ती जुनी पडत असेल तर प्रोग्राम सर्वांत जुन्या मशीनवर बांधावा.

अनोळखी फाइलवर ‘एलडीडी’ (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवू नये, काही वेळा ते प्रोग्रामच सुरू करतं. त्याऐवजी ‘रीडएल्फ’ फाइल नुसती वाचतं. शा-२५६ चा चेकसम (फाइलच्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) फाइल आली त्याच सर्व्हरवरून घेतला असेल तर प्रत जशीच्या तशी आली एवढंच कळतं. ती कोणी बनवली, हे डिजिटल सही तपासल्याशिवाय नाही. पहिल्यांदा वेगळ्या युजरने, बबलरॅप या प्रोग्रामला वेगळं कोंडून ठेवणाऱ्या साधनात नेटवर्क बंद ठेवून चालवावं.

मॅकवर एक गोष्ट हमखास विसरली जाते. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलवर क्वारंटाइनची (‘बाहेरून आलेली’ अशी) खूण बसते, आरसिंकने नेलेल्या फाइलवर ती आपोआप बसत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी येणारा इशाराही येत नाही.